बर्फ, धाकटी आणि तुपाचा डबा

"पोरीला माझ्याकडे ठेवून जा," असं सासूबाईंनी तीनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा आवाज थोडा चढवूनच. "तीन वर्षांची ती. तिला काय कळणार आहे स्वित्झर्लंड? आणि डिसेंबरात? इथे साताऱ्यात तिचं नाक वाहतं!"

मी हो म्हटलं नाही. थोरला सात वर्षांचा, त्याला न्यायचं आणि धाकटीला ठेवायचं, हे मनाला पटेना. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. तिला ठेवून गेले असते, तर दहा दिवस माझं सगळं चित्त साताऱ्यातच राहिलं असतं, आणि मला ते नको होतं. शाळेत असताना 'चांदनी' पाहिला, तेव्हापासून मला एकदा त्या बर्फात उभं राहायचं होतं. श्रीदेवीसारखं साडी नेसून नव्हे, कानटोपी घालून का होईना! निम्मा खर्च माझ्या शिकवण्यांच्या पैशांतला होता. चार वर्षं सहावी-सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवले होते मी त्यासाठी. मे महिन्यात गेलं तर खाली गावात बर्फ नसतो, म्हणून डिसेंबर. नाताळच्या सुट्टीत थोरल्याची शाळाही फारशी बुडत नव्हती.

तयारीचं पुराण सांगत बसत नाही. व्हिसाचं मात्र सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसाची फी लागत नाही. सहा ते बारापर्यंत निम्मी लागते. जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, मुलांना 45. प्रत्येकाचा निदान 30 हजार युरोंचा आरोग्यविमा लागतो, अगदी तीन वर्षांच्या बाईसाहेबांचासुद्धा.

सासूबाईंनी शेवटी हार मानली आणि मोर्चा बॅगेकडे वळवला. सुंठवडा, ओव्याची पुरचुंडी, मेतकूट आणि अर्धा किलो साजूक तूप. घरचं, रवाळ. ठाण्याला भावाकडे एक दिवस मुक्काम होता, तिथे भावजयीने डबा पाहिला आणि म्हणाली, "वन्सं, दूध-दुभत्याचं काही तिथे नेऊ देत नाहीत." विचारल्यावर कळलं, खरंच आहे. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्याला बंदी आहे, आणि तुपाची गणना दुधातच होते. ताजा कढीपत्ताही नाही चालत. डबा भावाकडेच ठेवला आणि सासूबाईंना काही बोलले नाही. ही पहिली लपवाछपवी.

21 डिसेंबरच्या रात्री मुंबईहून निघालो. साधारण नऊ तासांनी झुरिकला उतरलो तर सकाळ असूनही बाहेर काळोख. तिथे त्या दिवसांत सूर्य आठनंतर उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. रविवार होता. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात, विमानतळावरची आणि मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी. म्हणून दूध, ब्रेड, अंडी तिथूनच उचलली आणि मग आगगाडीने ग्रिंडेलवाल्डला गेलो. तिथे स्वयंपाकघर असलेल्या दोन खोल्या आठवड्यासाठी घेतल्या होत्या. हॉटेलापेक्षा मुलांबरोबर हे बरं पडतं. बाईमाणसाची सुट्टी मात्र त्यात होत नाही, हेही कबूल केलं पाहिजे.

घरून छोटा कुकर नेला होता. शेगडी निघाली काचेची, इंडक्शनची, आणि माझ्या ॲल्युमिनियमच्या कुकरला ती ओळखच दाखवेना! नेणार असाल तर बुडाला लोहचुंबक चिकटतं की नाही ते घरीच पाहून घ्या. मुगाची खिचडी मग तिथल्याच स्टीलच्या पातेल्यात झाकण ठेवून शिजवली. बिनतुपाची.

पहिले तीन दिवस मुलं पहाटे तीनला उठत. आपले साडेसात वाजलेले असतात ना तेव्हा! खोल्या गरम केलेल्या असल्याने हवा इतकी कोरडी की धाकटीचं नाक चोंदलं. मी एक ओला टॉवेल रेडिएटरवर वाळत टाकून ठेवू लागले, त्याने रात्र बरी जाई.

आणि कपडे! पहिल्या दिवशी अंगाला सुती बनियन घातले, आपलं नेहमीचं. मुलं बर्फात खेळून घामेजली आणि थांबल्याबरोबर कुडकुडायला लागली. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि गार पडतो. अंगालगत लोकर किंवा ते कृत्रिम धाग्याचं आतलं कापडच पाहिजे. हातमोजेही बोटाबोटांचे नकोत. चार बोटं एकत्र राहणारे पिशवीसारखे घ्या, म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात. आतला सदरा, स्वेटर, दोन विजारी, मोजे, वरचा जाड जामानिमा, बूट, टोपी, गळपट्टा, हातमोजे. दोघांना सजवायला पंचवीस मिनिटं. शेवटचं बटण लावलं की धाकटी गंभीरपणे म्हणायची, "आई, शू."

पाचव्या दिवशी युंगफ्राउयोखला जायचं ठरलं होतं. सगळ्या सहलीचा कळस तोच. तिथलं स्टेशन 3454 मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी थोडं उरतंच. ही रेल्वे 1912 साली पूर्ण झाली. 1896 पासून सोळा वर्षं डोंगर पोखरून सात किलोमीटरांहून लांब बोगदा केला, आणि ज्याने हे सगळं मनावर घेतलं तो गुयर-त्सेलर 1899 मध्येच वारला, त्याला ती गाडी वर गेलेली दिसली नाही. पूर्वी वर जायला बराच वेळ लागे. 2020 च्या डिसेंबरात नवी केबल-कार झाली, ती पंधरा मिनिटांत 2320 मीटरवर सोडते, आणि तिथून गाडी. म्हणजे न्याहारी हजार मीटरवर आणि तासाभरात आपण साडेतीन हजारांवर.

त्या घाईतच खरी गोम होती, पण तेव्हा ती लक्षात कोण घेतो? तिकिटं काढलेली, आभाळ स्वच्छ. धाकटीचं नाक चोंदलेलंच होतं, आणि सकाळी तिने दूधही अर्धंच घेतलं. मी पाहिलं होतं ते. पाहून न पाहिल्यासारखं केलं. केबल-कारमध्ये कान धरून रडली, तेव्हा घोट घोट पाणी पाजलं. मग गप्प झाली. आमची ही कन्या झोपेतही बडबडते. ती गप्प झाली म्हणून मी खूश झाले, काय सांगायचं!

वर पोचलो. काचेपलीकडे आलेच हिमनदी पसरलेली, वीस किलोमीटरांहून लांब. आल्प्समधली सगळ्यांत मोठी. पांढरं किती प्रकारचं असू शकतं, ते तिथे कळतं. मी काचेला नाक लावून उभी होते. फार तर दहा मिनिटं. मागून धाकटीने माझा कोट ओढला. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. "आई, घरी." आणि ती माझ्या कोटावरच ओकली.

हे म्हणाले, "थोडं बसवू या. पाणी दे. वरचा सज्जा राहिलाय अजून, नि बर्फाचा महाल. वीस मिनिटंही नाही झाली येऊन." त्यांचं चुकलं असं आज मी म्हणणार नाही. तिकिटांचा आकडा माझ्याही डोक्यात होताच, चार वर्षांच्या अपूर्णांकांसकट. पण पोरगी खांद्यावर मान टाकून झोपायला लागली होती, सकाळी अकराला. मी म्हटलं, "अहो, तुम्ही दोघं पाहून या. मी हिला घेऊन उतरते." आणि उत्तराची वाट न पाहता गाडीत जाऊन बसले.

बोगद्यात बाहेर काहीच दिसत नाही. काचेत आपलाच चेहरा. तिला हाका मारत होते, ती "अं" म्हणत होती, आणि सासूबाईंचं एकेक वाक्य मला आठवत होतं. 2320 मीटरवर उतरून बाकावर बसलो. अर्ध्या तासाने तिने डोळे उघडले, पाणी मागितलं, आणि मग विचारलं, "पोळी आहे?" पिशवीत गुळाची पोळी होती. ती तिने सबंध खाल्ली. मला रडू आलं ते तेव्हा. वर नाही.

घरी परतल्यावर आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, आणि साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन-तृतीयांशच असतो. मोठं माणूस डोकं दुखतंय म्हणून सांगतं. लहान मूल किरकिर करतं, खात नाही, ओकतं, मलूल होतं. थांबून पाहायचं नसतं, खाली उतरायचं हाच उपाय. सर्दी असेल तर जायचा दिवसच पुढे ढकलायचा, आणि जमल्यास वाटेत मधल्या उंचीवर एखादा मुक्काम करायचा. हे मला आधी ठाऊक असतं तर! पण आधी मी कानटोप्यांचे रंग जुळवण्यात गुंग होते.

दोन तासांनी हे दोघं आले. गाल लाल, डोळे चमकताहेत. "आई, बर्फाची गुहा होती! बर्फाचे प्राणी होते!" यांनी फोन पुढे केला. "बघ, तुझ्यासाठी काढलेत." मी म्हटलं, "छान आहेत." संध्याकाळपर्यंत मी त्याहून जास्त काही बोलले नाही.

साताऱ्याला फोन करायची वेळ झाली. मी थोरल्याला बाजूला घेतलं. "आजीला हे सांगायचं नाही हं." त्याने मान डोलावली, आणि मला माझीच लाज वाटली. शाळेत खोटं बोलला म्हणून मागच्याच महिन्यात मी त्याला तासभर समजावलं होतं. तरी फोन लागला. दोनच मिनिटांत चिरंजीव म्हणाले, "आजी, आम्ही खूप वर गेलो, छोटी आईच्या कोटावर ओकली, पण ते तुला सांगायचं नाहीये."

फोनच्या पडद्यावर सासूबाई क्षणभर काही बोलल्या नाहीत. मी तोंड उघडलं, म्हटलं आता ऐकून घ्यायचं.

"उतरलीस ना लगेच खाली?"

"हो, आई."

"मग बरं केलंस." त्यांनी धाकटीला जवळ बोलावून नीट न्याहाळलं, जीभ काढायला लावली. मग मला म्हणाल्या, "आणि तू? तू पाहिलास का गं बर्फ?"

मला पटकन उत्तरच देता येईना. "थोडा," म्हटलं. "काचेतून." सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, मग काय उपयोग?" हे शेजारीच बसून मोजे वाळत घालत होते. त्यांनी ऐकलं, हे मला मोज्यांवरून कळलं. एकच मोजा ते दोनदा झटकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "आज मुलांना मी बघतो. तू जा." पुन्हा वर जाण्याइतके पैसे अर्थातच नव्हते. मी म्हटलं, गावाच्या वरच्या उतारावर जाते. दारातून बाहेर पडते तोच आतून आवाज, "हिचे हातमोजे कुठेत?" मी म्हटलं, "शोधा." लग्नाला अकरा वर्षं झाली, पण या शब्दाचं सुख मला पहिल्यांदाच कळलं.

भाड्याने एक लाकडी घसरगाडी घेतली. तिथे तिला श्लिटन म्हणतात. उतारावर सगळी दहा-बारा वर्षांची पोरं होती, आणि मी. पहिल्यांदा निम्म्यात पडले. दुसऱ्यांदा कुंपणाकडे गेले. तिसऱ्यांदा मात्र पाय कसे टेकवायचे ते कळलं, आणि अशी सुसाट खाली आले की माझ्या तोंडून निघालेली किंकाळी माझी मलाच ओळखू आली नाही. खाली बर्फातच बसून राहिले. पाठीखालून गार लागत होतं, वर आयगर दिसत होता, आणि कुणी "आई" म्हणत नव्हतं. दोन तासांत सात वेळा आले मी खाली. मोजले.

परत गेले तर घरात सगळा गोंधळ. धाकटीला उलटे बूट घातलेले, आणि बर्फात खेळून थोरल्याचे हात लालबुंद होऊन ठणकत होते. हे त्यावर गरम पाणी ओतण्याच्या बेतात! मी पातेलं काढून घेतलं. अशा हातांवर कढत पाणी घालायचं नाही आणि चोळायचेही नाहीत. कोमट पाण्यात बुडवायचे, किंवा आपल्या काखेत धरायचे. काखेत धरले. थोरला म्हणाला, "आई, तू पण गार आहेस."

साताऱ्याला आलो त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "तूप पुरलं का?" मी म्हटलं, "आई, ते ठाण्याला राहिलं." कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "दूध-दुभतं नको म्हणे! आणि अख्ख्या देशात गाईच गाई!" आता महिना झाला, डबा अजून आलेला नाही. भावजयीला फोन केला, तर म्हणते, कसला डबा, वन्सं?