हौसिंगची रुजुवात

सोलापूर शहर मागे टाकून स्वामी समर्थांच्या अक्कलकोटाकडे निघालेल्या रस्त्यावर जी औद्योगिक वसाहत लागते, तेथे मागांचा खडखडाट दिवसाचा प्रहर ओळखू देत नाही; परंतु टॉवेल आणि चादरी यांचा तेथला सारा ऐवज, सुताच्या पोत्यांपासून बांधून तयार झालेल्या गठ्ठ्यांपर्यंत, ज्यांच्या पाठीवरून इकडचा तिकडे जातो त्या जुन्या पिकअप गाड्यांविषयी कोणी गौरवाने बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. रंग उडालेला, फाळका दोरीने आवळलेला, पाट्यात एखादे पान मागाहून घातलेले, अशी गाडी कारखान्याच्या फाटकाशी उभी असते आणि तिच्या मालकाला ब्रेकचे लायनर हवे असतात. कोणत्या मापाचे, असे दुकानदाराने विचारताच तो आरसी बुक पुढे करतो, आणि घोटाळ्यास तेथूनच आरंभ होतो.

कारण त्या दस्तऐवजात इंजिनाचा क्रमांक असतो, चॅसीचा असतो, निर्मितीचे वर्ष आणि रिकाम्या गाडीचे वजनही असते. मागच्या आसाच्या हौसिंगविषयी, म्हणजे ज्या कवचासोबत ब्रेकचा ड्रम आणि लायनरचे माप बदलते त्याविषयी, मात्र त्यात चकार शब्द नसतो. फेरफार न नोंदवता एखाद्या जमिनीची वहिवाट तीन हातांतून फिरावी आणि सातबारा मात्र आजोबांच्याच नावाने राहावा, तसा हा प्रकार आहे. यात लबाडीच असते असे नव्हे. माल वेळेवर पोचवण्याची निकड असते, भंगार बाजारात दुसऱ्या सालाच्या, क्वचित दुसऱ्या घराण्याच्याही गाडीचे हौसिंग हाती लागते, पाट्यांच्या बैठकी पुढेमागे करून ते बसते आणि गाडी चालू लागते. म्हणून जाणता मिस्त्री कागदाकडे आधी पाहतच नाही. "कागदं मागनं बघू की ओ सायेब, पैलं हौसिंग बघू," एवढे म्हणून तो गोणपाट अंथरतो आणि गाडीखाली शिरतो. मला हा क्रम शास्त्रशुद्ध वाटतो.

पहिला प्रश्न अगदी प्राथमिक असतो: या आसाला चालना मिळते की नाही? आकुर्डीच्या बजाज टेम्पोची १९६९ पासूनची मॅटाडोर पुढच्या चाकांनी ओढली जाई, तेव्हा तिच्या मागच्या आसात क्राऊन-पिनियन शोधणे व्यर्थ. चालना असली, तर हौसिंगचा मध्यगोल निरखावा. मागच्या बाजूस बोल्टांनी आवळलेले झाकण असेल आणि दोन्ही नळ्या ओतीव गोलात दाबून बसवलेल्या असतील, तर ती सॅलिसबरी घडण. मागची बाजू गुळगुळीत, बंद, आणि डिफरन्शियलचा सगळा गोळा पुढून, प्रॉपेलर शाफ्टच्या अंगाने, बाहेर निघत असेल, तर ती बॅंजो. जीपच्या कुळातील स्पायसर ४४ ही पहिल्या जातीची: झाकणाला दहा बोल्ट, आणि नशीब असेल तर ओतीवावर उमटलेला ४४ हा अंक. तेलाचा चिखल खरवडल्यावाचून तो दिसत नाही, आणि खरवडण्याचा आळस करणारास या विद्येत गती नाही.

मग चाकाच्या मध्याकडे वळावे. तेथे हबचा घुमट रिमबाहेर डोकावत असेल आणि त्याच्या तोंडावर बोल्टांचे वर्तुळ असेल, तर तो फुल फ्लोटिंग आस: गाडीचा भार नळीवर, शाफ्टकडे फक्त फिरवण्याचे काम. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना असा शाफ्ट ओढून काढता येतो. सेमी फ्लोटिंगमध्ये भारही शाफ्टच वाहतो. तो तुटला तर चाक निसटण्याचा धोका. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपला मागे फुल फ्लोटिंग आस होता. युद्धानंतरच्या नागरी जीपला लवकरच सेमी फ्लोटिंग आला, आणि त्या जीपचाच वंश महिंद्रांनी परवान्याखाली या देशात वाढवला. दोहोंचे दातही निराळे. लष्करी जीपच्या क्राऊनला ३९ आणि पिनियनला ८, म्हणजे गुणोत्तर ४.८८; नागरी जीपला ४३ आणि ८, म्हणजे ५.३८.

हे गुणोत्तर झाकण न उघडता काढता येते, आणि ती रीत मला फार प्रिय आहे. पुढच्या चाकांना दगडांची ओट लावावी, गाडी न्यूट्रलमध्ये घालून हँडब्रेक सोडावा, मागचे एकच चाक जॅकवर उचलून जॅकशेजारी भक्कम आधार द्यावा, प्रॉपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ ओढावी. मग उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि शाफ्टचे फेरे मोजावे. पाच फेरे होऊन सहाव्याचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग झाला, तर ती ५.३८ ची जोडी. दोन फेरे अशासाठी, की दुसरे चाक जमिनीवर स्थिर असताना डिफरन्शियल हिशेब निम्माच दाखवते. निरक्षर मिस्त्रीही हे गणित बोटांवर करतो.

ब्रेकची बाब अधिक गंभीर, कारण तेथे अंदाजाची किंमत दुसऱ्याचा जीव देतो. जुन्या जीपचा ड्रम ९ इंची आणि शू पावणेदोन इंच रुंद. पुढे जीपच्या कुळात ११ इंची ड्रम आणि २ इंची शू आले. पेडलवरचा दाब तोच आणि बाकी रचना सारखी राहिली, तरी केवळ व्यासामुळे चाकावरची रोखशक्ती सुमारे २२ टक्के वाढते. तेव्हा हौसिंग बदलताना त्याच्यासोबत कोणता ड्रम आला, याची रुजुवात केल्यावाचून लायनर विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. ड्रम बाहेरून मोजू नये. तो उतरवून आतला व्यास घ्यावा, दोन ठिकाणी, काटकोनात. दोन्ही मापे जुळली नाहीत तर तो अंडाकृती झाला आहे. साचलेली भुकटी हवेच्या नळीने उडवू नये, कारण जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने टिपावी.

कातलेल्या ड्रमचे माप मूळ मापाहून मोठे असते, हेही ध्यानी ठेवावे. कित्येक ड्रमांच्या कडेवर कमाल व्यास ओतलेला असतो; अकरा इंची ड्रमला ती मर्यादा बहुधा ११.०९ इंचांच्या आसपास असते. मर्यादा ओलांडलेला ड्रम पुन्हा कातून बसवू नये, आणि बसवतो म्हणणाऱ्या दुकानात गाडी ठेवू नये.