१५८ किलोमीटर, ४२ मिनिटं

शनिवारी पावसानं क्रिकेट रद्द झालं, म्हणून बसल्या बसल्या दोन विमानतळांमधलं अंतर काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला. अवघड काही नाही. दोन्हींचे अक्षांश-रेखांश घ्या, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरा, हॅवरसाइनच्या सूत्रात टाका, झालं. उड्डाणाची वेळ तर त्याहून सोपी: अंतराला ८०० नं भागायचं आणि चढ-उताराचा अर्धा तास वर मिळवायचा.

पहिली जोडी टाकली नांदेड-यवतमाळ. उत्तर आलं सुमारे १५८ किमी, ४२ मिनिटं.

आमचं महागाव या दोघांच्या साधारण मधोमध, रस्त्यानं दोन्हीकडे शंभरेक किमी. नांदेडचा विमानतळ २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी मोठा झाला, २०१७ मध्ये 'उडान' योजनेतून तिथून हैदराबादचं विमान सुरू झालं. यवतमाळला धावपट्टी आहे. २००९ मध्ये ती नांदेड, लातूर वगैरेंबरोबर खाजगी कंपनीला भाडेपट्ट्यानं दिली गेली, पण नियमित प्रवासी विमान काही आलं नाही. म्हणजे ही ४२ मिनिटं नसलेल्या विमानाची! प्रोग्रामला काय त्याचं?

हसलो, आणि मग आजोबा आठवले.

जानेवारीतली गोष्ट. रात्री नऊला काकांचा फोन आला, आजोबा गेले. मी पुण्यात. काकांनी एकच विचारलं, "किती वाजेपर्यंत पोचशील? थांबाचं का आम्ही?"

मी लॅपटॉप उघडला. पुणे-नागपूर हवाई अंतर ६०५ किमी, सकाळी सहाचं विमान, साडेसातला नागपूर, पुढे यवतमाळ-आर्णीवरून गाडीनं पाच तास. म्हटलं, "साडेबारा." अगदी ठामपणे. ऑफिसात एस्टिमेट देतो ना, तस्सं. चुलतभाऊ म्हणाला, मी वाघोलीहून ट्रॅव्हल्स पकडतो, चल. मी म्हटलं, रात्रभर बसमध्ये कोण हाडं खिळखिळी करून घेणार?

सकाळी नागपुरात धुकं. विमान पुण्यातून हललं साडेनऊला. टॅक्सी मिळेपर्यंत साडेअकरा. दर अर्ध्या तासानं फोन. आधी "कुठवर आला?", मग "सावकाश ये", आणि मग फोनच नाही. यवतमाळ मागे पडलं तेव्हा दोन वाजून गेले होते.

घरच्यांनी तीनपर्यंत वाट पाहिली. मी साडेचारला पोचलो. चुलतभाऊ सकाळी दहालाच पोचला होता, खांदा देऊन, आंघोळ करून ओट्यावर बसला होता. मला बघून नुसता सरकला, जागा केली.

रात्री आजीजवळ बसलो. तिनं माझा हात धरला नि बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "काहून रे बाबू, तू तं इमानानं येनार होता ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, विमानाला इतका वेळ कसा लागला ते. मी धुक्याचं सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो.

असो. प्रोग्राम सेव्ह केलाय. त्या अर्ध्या तासाच्या जागी काय आकडा घालावा, ते अजून ठरत नाहीये.