घोट्याएवढं पाणी

पावसाळ्यात भोपाळकरांच्या तोंडी रोज एक आकडा असतो: १६६६.८० फूट. मोठा तलाव तेवढा भरला की भदभद्याचे दरवाजे उघडणार आणि सगळं शहर ते पाणी बघायला धावणार. माझी तलाव बघायची वेळ मात्र नोव्हेंबरच्या शेवटी येते. तेव्हा पाणी हळूहळू मागे सरत असतं, काठाचा चिखल उघडा पडत असतो आणि त्या काठासाठी सैबेरिया, मंगोलिया, तिबेटकडून पाहुणे उतरलेले असतात.

यंदा एका रविवारी बाबा, माझी बारा वर्षांची लेक आणि मी पहाटेच बिशनखेडीला निघालो. थर्मासमध्ये चहा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि तिघांत मिळून एक दुर्बीण, म्हणजे भांडणाचीही सोय होती!

धुकं विरलं तसं पाणी दिसू लागलं. लेक मोबाईलवरून इंग्रजी नावं वाचत होती, बाबा मराठी नावं सांगत होते. अंग काळं, कपाळावर पांढरा टिळा आणि चालणं घोळक्यानं, तो वारकरी. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या. लांब टोकदार शेपटीचं तलवार बदक. दिसली न दिसली तोच बुडी मारणारी टिबुकली.

"वारकरी? मग यांची दिंडी कुठे चाललीय?" लेकीनं विचारलं.

"शिंगाड्याच्या वेलांकडे," बाबा म्हणाले.

बाबांकडे मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' आहे. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून महाराष्ट्रात या दोन तारखांमधला आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. आपण महाराष्ट्राबाहेरचे, पण आपल्याला कोण अडवणार आहे?

थोड्या वेळानं लेकीनं दुर्बीण खाली केली. "आई, एवढा मोठा तलाव, आणि मध्ये जवळजवळ कोणीच नाही. सगळे काठालाच का?"

मग आम्ही एकेकाचं जेवण बघत बसलो. शेकाट्या लांब लाल पायांवर घोट्याएवढ्या पाण्यात चालत चिखल टोचत होता. थापट्या चोचीनं वरवरचं पाणी गाळत होता. तलवार बदक डोकं खाली आणि शेपटी वर करून मान पोचेल तिथवरचा तळ चाचपत होतं. कमळपक्षी पानांवरून चालत होता. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब तर पाण्याबाहेरच, काठाच्या गवतात चरत होते. जरा खोल पाण्यात मोठ्या लालसरीचा एक थवा तेवढा बुड्या मारत होता. लेकीनं वहीत तलावाचा उभा छेद काढला आणि ज्याची त्याची जागा दाखवली. चित्राची एक कड गच्च भरली, बाकी कागद कोराच राहिला.

परतताना धानाच्या कापलेल्या शेतात सारसाची जोडी दिसली. माणसाएवढे उंच, डोकं आणि मान लालभडक. मागे तिसरा होता, तांबूस डोक्याचा, यंदाचं पिल्लू. शेताचा मालक बांधावरच बसला होता. लेकीकडे बघून म्हणाला, "अंडे दो थे, बिटिया। एक ही बचा।" सारस पावसाळ्यात उथळ पाण्यात नाहीतर धानात घरटं करतो आणि महिनाभर अंडी उबवतो. तेवढे दिवस या गृहस्थांनी शेताच्या त्या कोपऱ्यात कुणाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. त्याबद्दल त्यांनी एक पैसा घेतला नाही की कुठे फोटो टाकला नाही.

दुपारी भदभद्याखाली कलियासोतच्या खडकांवर पोचलो. तलावातून सुटलेलं पाणी इथूनच पुढे बेतव्याला जातं. पंख पसरून वाळवणारे पाणकावळे होते, शेपटी हलवत फिरणारा धोबी होता. इथंही गर्दी उथळ पाण्यातच.

राजा भोजाच्या काळातला, म्हणजे ११ व्या शतकातला मोठा तलाव आणि १७९४ सालचा छोटा तलाव मिळून भोज पाणथळ होते. २००२ मध्ये तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यातही या तलावाचा मोठा वाटा आहे, त्यामुळे पाण्याची काळजी सगळ्यांनाच असते. काठाचं तसं नाही. पाणी मागे गेलं की काठ रिकाम्या जमिनीसारखा दिसतो. कुणी राडारोडा टाकतं, कुणाला तिथे रस्ता सुचतो, कुणाला बाग. तलाव नकाशात तेवढाच निळा राहतो, पाणीही भरपूर असतं, पण पाहुण्यांचं ताट उचललेलं असतं.

म्हणून मुलांनो, एखाद्या रविवारी लवकर उठा. दुर्बीण नसली तरी चालेल, वारकरी आणि शेकाट्या नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतात. लांबूनच बघा, फोटोसाठी थवा उडवू नका. आणि वहीत पक्ष्याच्या नावापुढे एक रकाना वाढवा: तो उभा होता तिथे पाणी किती होतं? माझ्या लेकीच्या वहीत त्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा 'घोट्याएवढं' असं लिहिलंय.