वांकेल इंजिनाचा इंजेक्टर आणि नागपूरचे हवामान

‘निशांत’ या वैमानिकरहित विमानाने ५ एप्रिल २००९ रोजी कर्नाटकातील कोलार येथे भारतात घडवलेल्या वांकेल इंजिनाच्या बळावर पहिले उड्डाण केले, आणि सुमारे ५५ अश्वशक्तीच्या व ३० किलो वजनाच्या त्या इंजिनाच्या प्रज्वलन व इंधन यंत्रणेचे काम महाराष्ट्रात, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) वाहन संशोधन व विकास संस्थेत झाले होते. इंजिनाचा गाभा आणि त्याच्या आतील भिंतीवरील निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा लेप बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचा असल्यामुळे कौतुकाचा मोठा वाटा त्या लेपाकडे गेला. इंधन यंत्रणेची चर्चा फारशी झाली नाही, हे थोडे अन्यायाचेच म्हणावे लागेल.

वांकेल इंजिनात पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबगोलासारख्या पोकळीत फिरतो आणि त्याच्या तिन्ही कोपऱ्यांवरील पट्ट्या, म्हणजे अ‍ॅपेक्स सील, भिंतीला घासत कप्पे बंद ठेवतात. रोटरच्या एका फेऱ्यात मुख्य आसाचे तीन फेरे होत असल्याने आसाच्या प्रत्येक फेऱ्याला एक कप्पा हवा ओढतो, तर चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात तेच काम दोन फेऱ्यांतून एकदा होते. इंधन देण्यासाठी मिळणारा वेळ त्यामुळे निम्म्यावर येतो, आणि इंजेक्टर निवडण्याची सारी अडचण येथून सुरू होते.

इंजेक्टर ही विजेच्या इशाऱ्यावर उघडमीट करून दाबाखालचे इंधन फवारणारी बारीक झडप होय. तिचा ‘आकार’ म्हणजे ठरावीक दाबाला, बहुधा ३ बारला, ती सतत उघडी ठेवली असता मिनिटाला किती घनसेंटिमीटर इंधन सोडते तो आकडा. वांकेलचा ज्वलनकक्ष लांबट व चपटा असल्याने ज्वलन पुरते होत नाही, म्हणून दर अश्वशक्तीला तासाला २५० ग्रॅम पेट्रोल धरणे रास्त ठरते. अशा हिशेबाने ५५ अश्वशक्तीला मिनिटाला सुमारे २२९ ग्रॅम, म्हणजे ३०९ घनसेंटिमीटर पेट्रोल लागते, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांहून अधिक वेळ उघडा राहू नये या प्रचलित नियमाने आकार ३९० च्या आसपास येतो. (हे आकडे रीत समजावण्यासाठी आहेत, ‘निशांत’च्या इंजिनाचे नव्हेत.)

उरलेले २० टक्के चैन म्हणून सोडलेले नसतात. मिनिटाला ८,००० फेरे धरले तर एका फेऱ्याला साडेसात मिलिसेकंद मिळतात. त्यांतले सहा प्रत्यक्ष फवारणीत जातात आणि इशारा मिळाल्यापासून झडप पुरती उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद वाया जातो, म्हणजे हाती उरतो जेमतेम अर्धा. विमानातील विजेचा दाब उतरला की झडप आणखी उशिरा उघडते आणि तोही अर्धा संपतो. यावर मोठा इंजेक्टर हा उपाय सोपा वाटतो, पण मंद गतीला त्याचे पितळ उघडे पडते. २,५०० फेऱ्यांना कमाल प्रवाहाच्या दहाव्या हिश्शाचे इंधन लागते असे मानले, तर ३९० च्या झडपेला १.९ मिलिसेकंद उघडे राहावे लागते आणि ८०० च्या झडपेला एक मिलिसेकंदही नाही. इतक्या अल्प वेळात झडप दर खेपेस सारखेच इंधन सोडेल याची खात्री नसते आणि इंजिन अडखळू लागते.

नागपूरसारख्या ठिकाणी या गणितात ऋतूही येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर उंचीवरील या शहरात मे महिन्यात ४५ अंशांची दुपार नवी नाही आणि थंडीच्या पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो. त्यामुळे मेमधली हवा पहाटेच्या त्या हवेपेक्षा सुमारे ११ ते १२ टक्के विरळ असते. मेमध्ये चाचणी घेणाऱ्यास इंजेक्टर ऐसपैस वाटतो, कारण इंजिनात प्राणवायूच कमी गेलेला असतो. डिसेंबरात तेच इंजिन पुरती हवा ओढते आणि इंधन अपुरे पडते. अपुऱ्या इंधनावर पूर्ण शक्ती मागणे वांकेलला सर्वांत घातक, कारण त्यातून होणाऱ्या स्फोटक ज्वलनात अ‍ॅपेक्स सील तडकते. म्हणून आकार थंडीच्या पहाटेवरूनच ठरवावा. उन्हाळ्याचा त्रास वेगळा: ३५ अंशांनी तापलेले पेट्रोल सुमारे साडेतीन टक्के फुगते आणि नळीत वाफेचे बुडबुडे धरते, त्यावर मोठी झडप हा उपाय नव्हे, तर पेट्रोल टाकीकडे सतत परत फिरवणारी नळी हवी. पंपावरचे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल वापरायचे झाल्यास तेवढ्याच हवेला साधारण ८ ते ९ टक्के जास्त इंधन लागते आणि ३९० चा आकडा ४२० च्या घरात जातो. नागपुरातच तयार होणारे ‘नागास्त्र’ हे लष्करी ड्रोन विजेवर उडत असल्याने या कटकटीतून सुटले आहे, ही बाब वेगळी.

एका ४२० च्या जागी २१० चे दोन इंजेक्टर लावणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग दिसतो. मंद गतीला एकच चालवायचा आणि शक्ती वाढली की दुसरा जोडायचा, ही पद्धत मझदाने आपल्या १३बी या दोन रोटरांच्या इंजिनात वापरली होती. एक झडप तुंबली तरी दुसरी सतत उघडी ठेवून सपाट उड्डाणापुरते इंधन मिळू शकते. मात्र नियंत्रकाने बिघाड ओळखून थ्रॉटल तत्काळ उतरवला पाहिजे. दोघांची जोडी चाचणीमेजावर जुळवून घ्यावी लागते. काचेच्या मापनळ्यांवर दोन्ही इंजेक्टर शेजारी शेजारी बसवून आधी मिनिटभर सतत उघडे ठेवावेत आणि मग दोन मिलिसेकंदांच्या हजार फवारण्या देऊन दोन्ही नळ्यांतील पातळी ताडून पाहावी, कारण सतत प्रवाहात तंतोतंत जुळणारी जोडी छोट्या फवारणीत पुष्कळदा फारकत घेते आणि मंद गतीचा खरा हिशेब त्या दुसऱ्या मोजणीतच कळतो.