वाळवणातला वाटा

घरात लहान मूल असलं की सणांना तोटा नसतो. पाडव्यापासून होळीपर्यंत काही ना काही चालूच असतं, आणि आता त्यातल्या बहुतेकांची तयारी बाजारात आयती मिळते. बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने भाड्याने मिळतात, दिवाळीचा किल्ला प्लास्टर ऑफ पॅरिसचा मिळतो, फराळ आधी सांगून ठेवला की डब्यात भरून दारात येतो. आयतं घेण्यात मला गैर वाटत नाही; आमच्याकडेही बरंच काही विकतचं येतं. पण बाप म्हणून दोन लहान मुलं वाढवताना एक गोष्ट मला वर्षागणिक अधिक स्पष्ट दिसत गेली आहे. सणाच्या दिवशी मूल आपल्याच घरात पाहुणं असतं. त्याला नटवतात, त्याचे फोटो काढतात, हातात खाऊ देतात आणि संध्याकाळपर्यंत ते कंटाळून रडकुंडीला येतं. सणाच्या आधीचं, किंवा सणाशी काहीच संबंध नसलेलं, त्या त्या हंगामाचं काम घरात चालू असतं तेव्हा तेच मूल घरचं होतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की लहान मुलांच्या घरात सोहळा कमी झाला तरी चालेल. हंगामाचं काम मात्र थोडं तरी राहावं आणि त्यात मुलाला खरा वाटा मिळावा.

सगळ्यात सोपं उदाहरण साबुदाण्याच्या चिकवड्यांचं. साबुदाणा रात्री भिजत घालायचा, सकाळी पाण्यात मीठ-जिरं घालून पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा आणि उन्हात पसरलेल्या प्लास्टिकवर चमच्याने घालायचा. गॅसजवळचं काम मोठ्यांचं. पण थोडं निवलेलं मिश्रण चमच्याने घालणं तीन-चार वर्षांच्या मुलाला जमतं, आणि त्याची चिकवडी वेडीवाकडी पडली तरी तळल्यावर तेवढीच फुलते. दुपारपर्यंत ती वरून कोरडी लागते, खालून ओलीच असते. मूल कड उचलून बघतं. चिकवडी ताणते, फाटते, निम्मी प्लास्टिकला चिकटून राहते. दुसऱ्या दिवशी कडा आपोआप वर वळलेल्या असतात, नख लावलं की अख्खी चिकवडी सुटून हातात येते. मग ती उलटायची, पुन्हा ऊन द्यायचं आणि शेवटी मोडून बघायची: वाकली तर आणखी ऊन, कट्‌कन मोडली तर डब्यात. ‘थांब, अजून झालं नाही’ हे आपण मुलांना दिवसातून कितीदा सांगतो, आणि ते त्यांना सहसा पटत नाही. इथे ते आपल्याला सांगावं लागत नाही. झालं की नाही हे मुलाला स्वतःच्या बोटांनी तपासता येतं.

या वयात मुलांचा काळाचा हिशेब वेगळा असतो. होऊन गेलेलं सगळं ‘काल’, होणार असलेलं सगळं ‘उद्या’. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून शनिवार दाखवला तरी त्यांच्या हाती काही लागत नाही. कुरडयांसाठी गहू भिजत घातला तर मात्र लागतं. तीन दिवस गहू पाण्यात असतो, पाणी रोज बदलायचं, रोज वास जरा जास्त आंबूस होत जातो. पहिल्या दिवशी दाणा चिमटीत दाबला तर तो टणकच असतो. तिसऱ्या दिवशी दाबला की पांढरा चीक बाहेर येतो. उद्या म्हणजे काय हे मुलाला त्या दाण्यात कळतं. चीक घोटायचं काम अवघड असतं आणि चटका बसण्याचं भय असतं, तिथे मुलांना जवळ येऊ देऊ नये. रोज दाणा दाबून बघायचा हक्क मात्र त्यांचाच ठेवावा.

लहान मुलांना काम करायची हौस असते ही घरोघरची समजूत आहे, आणि अभ्यासकांनीही ती तपासली आहे. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दीड वर्षाची मुलं होती. कपडे वाळत घालणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातून चिमटा खाली पडला आणि तो त्याच्या हाताला येईना, की मुलं उठून तो त्याला नेऊन देत. कुणी सांगितलेलं नसे, बक्षीसही नसे. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवून दिलं की मदतीबद्दल वस्तू मिळालेली मुलं नंतर कमी मदत करू लागतात. चांगल्या वागणुकीचे तारे भिंतीवर चिकटवणाऱ्या आपल्यासारख्या पालकांनी याचा नीट विचार करायला हवा. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं, तेव्हा पाणी ओतणं, पुसणं, झाडणं, बटणं लावणं या घरच्या कामांनाच त्यांनी अभ्यासाची जागा दिली. आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागडी साधनं तिथल्या वस्त्यांना परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, शंख-शिंपले, खडे हीच साधनं झाली. म्हणजे शिक्षणातल्या जाणत्या माणसांनी मुलांसाठी जे शाळेत नेलं ते मुळात घरातलं आणि अंगणातलंच होतं. घराने ते सोडून द्यावं आणि मग शुल्क भरून शिबिरात शोधावं, हे मला पटत नाही.

चैत्र-वैशाखाची वाळवणं झाली की कोकणात आगोटीची तयारी लागते, गोव्यात पुरुमेंत. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, म्हणून सुकट-बोंबील भरून ठेवायचे, रातांब्यांची आमसुलं करायची, फणसाच्या आठळ्या जपून ठेवायच्या. पावसाळ्यात बाजारात टाकळा, कुर्डू, शेवळं येतात. आठवड्याच्या बाजाराला मुलाला नेलं तर गेल्या आठवड्यात नसलेली भाजी त्यालाच आधी दिसते. हस्तात भोंडल्याची खिरापत असते, आणि ती ओळखण्यापेक्षा लपवून ठेवण्यात लहानांना जास्त रस असतो. पण मुलांसाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दिवाळीचा किल्ला. दगड-विटांवर पोतं टाकून ओला चिखल थापायचा आणि वर हळीव किंवा मोहरी भुरभुरायची. हळीव भिजला की बुळबुळीत होऊन मातीला घट्ट चिकटतो, दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, आठवड्याभरात डोंगर हिरवा होतो. पाणी जास्त झालं तर चिखल खचतो, विसरलं तर रोपं माना टाकतात. विकतच्या किल्ल्यावर हिरवा रंग असतो आणि तो दिवाळी संपेपर्यंत तसाच राहतो. मुलाने त्याच्यासाठी करावं असं काही उरत नाही.

या सगळ्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप बायकांचा आहे, आणि तो रास्त आहे. हंगामाचं काम म्हणजे शेवटी कुणाचं काम? २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं आढळलं. शिवाय पुरुषांपैकी मुळात चौथ्या हिश्श्याच्या आसपासच माणसं घरकामाला हात लावतात. अशा घरात कुणी म्हणालं की आता कुरडयाही घरीच करू, तर त्याचा अर्थ एकाच बाईच्या पाठीवर आणखी एक ओझं एवढाच होतो. आधीच्या पिढीतल्या बायका पहाटेपासून चीक घोटत, दुपारभर पोळपाटावर पापड लाटत. त्यात सोबतीचा आनंद होता तशी कंबरदुखीही होती. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, तेव्हा घरातलं हे बिनमोलाचं कौशल्य त्यांना कमाईचं साधन झालं. म्हणून वर्षभराचे पापड विकत घेणं यात मला काही कमीपणा दिसत नाही. मी सांगतो आहे ते वर्षाचा साठा करायला नाही. मुलाला हंगाम कळायला एक ताट चिकवड्या पुरतात. आणि ते ताट बापाने मांडावं. तशा घरात हंगामासोबत आणखी एक गोष्ट मुलाच्या मनात न सांगता रुजते, ती म्हणजे हे काम कुणाचंही असतं.

दुसरी हरकत जागेची आणि वेळेची. सोसायटीची गच्ची कुलूपबंद असते, उघडी असली तर कबुतरं असतात, गॅलरीत ऊन दोन तास येतं, आईबाप दोघं कामावर. मुलांना बरोबर घेतलं की पंधरा मिनिटांचं काम तासभर चालतं आणि फरशी पुसावी लागते ती वेगळीच. हे सगळं खरं आहे. पण छोट्या घरात काम छोटं करता येतं. खिडकीच्या कठड्यावर ताकात बुडवलेल्या भरल्या मिरच्यांची एक ताटली वाळते. कैरीच्या फोडींना मीठ लावून बरणी रोज हलवणं स्वयंपाकघरातच होतं. संक्रांतीआधी तीळ निवडायला वर्तमानपत्राएवढी जागा लागते. एक तास जास्त लागतो, त्याबद्दल मी एवढंच म्हणेन की त्या तासात मुलाला रमवण्यासाठी आणखी काही करावं लागत नाही. परदेशी राहणारे मराठी पालक विचारतात की तिथे चैत्राचं ऊन कुठून आणायचं. आणू नये. जिथे राहतो तिथल्या ऋतूचं काम मुलाला द्यावं: शरदात अंगणातली पानं गोळा करावीत, सफरचंदांचा मुरांबा घालावा. मुलाच्या अंगाला जो वारा लागतो तोच त्याचा ऋतू.

तिसरी हरकत अशी की आता ऋतूच ठिकाणावर राहिले नाहीत. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. मेअखेरीवर वाळवणं ठेवणाऱ्यांचं गणित चुकलं. मला वाटतं, याच कारणासाठी मुलांचा हात त्यात असायला हवा. पुढे याच मुलांना बिघडलेल्या हवामानात जगायचं आहे. हवामानबदलाचं प्रकरण पाठ्यपुस्तकात येईल तेव्हा येईल. पण आभाळ भरून आल्यावर ताटं आत घेण्यासाठी जे मूल धावलेलं असतं, त्याला पाऊस अवेळी येणं म्हणजे नक्की काय ते आधीच ठाऊक असतं.

एका हरकतीला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ऋतूप्रमाणे जगण्याचं कौतुक पोट भरलेल्या घरांना परवडतं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची तान्ही मुलं फडाच्या बांधावर झोपतात, थोडी मोठी झालेली त्यांना सांभाळतात, त्याहून मोठी वाढं बांधतात. त्यांचं सगळं बालपणच हंगामाने ठरवलेलं असतं, आणि त्यापायी त्यांची शाळा बुडते. तेव्हा मुलांना काम द्या असं म्हणताना कोणत्या मुलांना आणि कसलं, हे सांगणं भाग आहे. जे काम मूल मध्येच टाकून खेळायला पळू शकतं, ज्यावर घराची चूल अवलंबून नाही, ज्यात भाजणं-कापणं नाही, तेवढंच लहान मुलाचं. मन भरलं की उठून जायची मोकळीक नसेल तर ती मजुरी आहे, मग ती उसाच्या फडात असो की आपल्या दिवाणखान्यात. कामाची शिस्त लागावी म्हणून चार वर्षांच्या मुलाला ताटापाशी बसवून ठेवणाऱ्या पालकांना माझा तेवढाच विरोध आहे.

तर येत्या मार्च-एप्रिलमध्ये, ऊन तापलं की, पाव किलो साबुदाणा रात्री भिजत घाला. चिकवड्या घालायला सकाळी आठच्या आत बसा, म्हणजे मुलांना ऊन लागणार नाही. त्यांच्यासाठी प्लास्टिकचा एक कोपरा वेगळा राखा आणि त्या कोपऱ्यातल्या चिकवड्या नीट करायला जाऊ नका. ओल्या असताना त्यांनी तोंडात टाकल्या तरी रागावू नका. त्या तशाही चांगल्या लागतात.