फुंकून न निघणारी हवा

शांत बसलेल्या माणसाचा एक श्वास साधारण अर्ध्या लिटरचा. छाती पूर्ण भरली तर धडधाकट पुरुषाच्या फुप्फुसांत सहा लिटरच्या आसपास हवा मावते. एवढा साठा शिल्लक असतो, म्हणूनच फुप्फुसांचा आजार लवकर कळत नाही. निम्मं बळ जाईपर्यंत माणूस म्हणतो, वयामुळे जिना चढवत नाही.

*

लंडन, 1846. जॉन हचिन्सन या डॉक्टरने पाण्यात उपडं भांडं ठेवलं. नळीतून फुंकलं की ते वर उचललं जाई, आणि किती उचललं त्यावरून हवा मोजली जाई. खलाशी, पोलीस, छापखान्यातले कामगार, कंगाल, अशा दोन हजारांहून अधिक लोकांना त्याने फुंकायला लावलं. उंचीगणिक क्षमता वाढते, हे त्याला त्यातून दिसलं. आजही फुप्फुसांच्या तपासणीच्या रिपोर्टसाठी आधी उंची मोजतात, त्याचं मूळ इथे आहे.

*

कितीही जोर लावा, लिटर-सव्वा लिटर हवा आत राहतेच. ती फुंकून कशी मोजणार? त्यासाठी हेलियम वापरतात. तो रक्तात जवळजवळ विरघळत नाही. ठरावीक प्रमाणात हेलियम मिसळलेली हवा रुग्णाने श्वासातून घ्यायची. आतल्या हवेत मिसळून तो किती विरळ झाला, त्यावरून हिशेब लागतो. दुसरी रीत म्हणजे रुग्णाला बंद केबिनमध्ये बसवून दाबातला फरक टिपायचा.

सीओपीडी या श्वासनलिका अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन आजारात ही उरलेली हवा वाढत जाते. रुग्ण म्हणतो, ‘श्वास घेता येत नाही.’ खरी अडचण मात्र सोडण्याची असते. आधीची हवा बाहेर पडत नाही, मग नवी कुठे शिरणार? मला या साऱ्या मोजणीतलं हेच सर्वात मोलाचं वाटतं.

*

स्पायरोमेट्री म्हणजे फुंकून करायची चाचणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि तंत्रज्ञाचा आवाज: ‘फुंका, फुंका, अजून, अजून!’ पहिल्या सेकंदात किती हवा आली आणि एकूण किती, हे गुणोत्तर पाहायचं. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध दिल्यावरही ते 0.70 च्या खाली राहिलं, तर नळ्या अरुंद झाल्याची शंका पक्की होते. रुग्णाने अर्धवट फुंकलं तर सगळे आकडे फुकट, म्हणून चांगला तंत्रज्ञ यंत्राइतकाच महत्त्वाचा.

*

रिपोर्टमधला ‘अपेक्षित’ हा रकाना जपून वाचावा. अमेरिकेत कृष्णवर्णीयांची अपेक्षित क्षमता वर्षानुवर्षं कमी धरली गेली. आशियाई लोकांचीही थोडी कमी. गरिबी, धूर, बालपणीचं कुपोषण यांनी खुंटलेली फुप्फुसं त्यामुळे ‘नॉर्मल’ ठरू शकत. हा अन्याय होता. 2023 मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशनिरपेक्ष सूत्र वापरण्याची शिफारस केली.

*

चुलीपुढे आयुष्य काढलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या बाईलाही सीओपीडी होतो. सुरुवातीला तिचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. आईला, आजीला धाप लागत असेल तर एक्स-रेवर थांबू नका. डॉक्टरांना स्पायरोमेट्रीबद्दल विचारा.