अतोला

अकोल्यात जन्मून ज्या मुलीने आपल्या गावाचे नाव कधी ऐकलेले नाही, ती ते उच्चारू लागली म्हणजे बहुधा ‘अतोला’ म्हणते. आणि या एका ‘त’चा ‘क’ करण्यात माझ्या नोकरीची तीस वर्षे खर्ची पडली असे म्हटले, तर कर्णबधिरांच्या शाळांतले माझे व्यवसायबंधू हसतील, पण हरकत घेणार नाहीत. ‘ल’ आरशात दिसतो, ‘फ’ मेणबत्तीची ज्योत हलवितो, ‘ग’ कंठावरच्या बोटांना सापडतो; ‘क’ मात्र जिभेच्या मुळाशी, काळोखात घडतो. चमच्याच्या दांड्याने जिभेचे टोक दाबून ‘त’ म्हणविले की ‘क’ निघतो. पण दांडा लवकर काढला तर ‘त’ परत येतो, उशिरा काढला तर दांड्यावाचून जीभ हलत नाही. नेमका क्षण कोणता, हे केवळ शिक्षकाचा कान जाणतो.

त्या कानाचा मला फार गर्व होता. तपासणीला अधिकारी आले की ‘नमस्कार’ स्वच्छ म्हणणारे एकच मूल मी पुढे उभे करी आणि ‘नमस्तार’वाल्यांना मागच्या बाकांवर बसवी. 1880 साली मिलानच्या परिषदेने खुणांची भाषा वर्गाबाहेर घालविली, तो निवाडा जणू माझ्याच दप्तरी दाखल असल्यासारखा मी मुलांचे हात खाली दाबीत आलो. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने खुणांच्या भाषेला मान दिला तेव्हा मी मनातून रुष्ट झालो, आणि हातवाऱ्यांत रमणारी नवी शिक्षकमंडळी ‘क’ला कंटाळून पळाली आहेत, हे माझे मत आजही सर्वस्वी पुसलेले नाही.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे जल घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराच्या मंदिराकडे निघाल्या, तेव्हा मुले भिंतीला तळवे लावून ढोलांचा ठेका घेत होती; मला त्या दिवशी वर्गातल्या एका मुलीचा ‘क’ कळेना, त्याचा दोष मी ढोलांवर टाकला. दुसऱ्या सकाळी ढोल नव्हते, तरीही कळेना. मी मान डोलावून ‘शाबास’ म्हटले. जिचे सारे विद्यार्जन चेहरे वाचण्यावर झाले, तिने माझा चेहरा वाचला आणि नकारार्थी मान हलविली. दाराशी केरसुणी घेऊन उभी असलेली मावशी हलकेच म्हणाली, “गुर्जी, पोरगी अजून ‘त’च म्हून राह्यली जी.”

स्वतःच्या श्रवणयंत्रासाठी मी केलेला अर्ज ‘तरतूद नाही’ असा शेरा घेऊन परत आला. मावशीसाठी अर्ज करण्याची सोयच नव्हती, कारण दुसऱ्याचे कान होण्याचा रकाना कोणत्याही हजेरीपटात नसतो. केर काढून झाला की ती आता माझ्या बाकावर येऊन बसते. तिला ना पदविका, ना पगारवाढ. पण तिच्या ‘नाही जी’ला मी आव्हान देत नाही. तिच्याविना मी याच वर्षी राजीनामा लिहिला असता, हे मी तिला सांगितलेले नाही. त्यातही गर्वच आहे.

मुलगी हल्ली दांडा स्वतःच्या हाती घेते, दाबते, काढते, आणि निकालासाठी माझ्याकडे न पाहता मावशीकडे पाहते. त्या नजरेचा मला मत्सर वाटतो. परवा तिने गावाचे नाव घेतले, मावशीची मान डोलली, मुलीची डोलली, आणि क्षणभर उशिरा माझीही.